बॅकला खेळलेला माणूस संघ बांधतो तेव्हा : गॅरेथ साउथगेट यांची कारकीर्द

२०१८, २०२१ आणि २०२४ या तिन्ही वर्षांच्या जुलै महिन्यात, कोकणात भाताची लावणी ऐन भरात असताना, इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा एकेक मोठा सामना आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाला आणि तिन्ही सामने इंग्लंडने गमावले. पहिला विश्वचषकाचा उपांत्य सामना होता, पुढचे दोन युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचे, म्हणजे ‘युरो’चे, अंतिम सामने. या तीन सामन्यांपैकी पहिल्यात इंग्लंडने पाचव्या मिनिटाला आणि दुसऱ्यात तर दुसऱ्याच मिनिटाला गोल केला होता. इतक्या लवकर पुढे गेलेला संघ शेवटी हरतो कसा, हा प्रश्न पावसाचा आणि विजेचा लपंडाव सांभाळत हे सामने पाहणाऱ्या वेंगुर्ले-मालवणच्या मुलांनाही पडला असणार. मला त्याचे बरेचसे उत्तर प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट खेळाडू असताना मैदानाच्या कोणत्या भागात उभे राहत, यात सापडते. ते बचावपटू होते. त्यांनी बचावपटूच्या नजरेने संघ बांधला, त्यातून इंग्लंडला जे मिळाले आणि जे हातचे गेले, ती दोन्ही एकाच मुळाची फळे आहेत.

सिंधुदुर्गात, विशेषतः गोव्याला लागून असलेल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात, फुटबॉल नवा नाही. तरीही संघ पाडताना बहुतेकांना फॉरवर्डला खेळायचे असते आणि ‘बॅकला’ कोण राहणार यावरून वाद होतो. बॅकचे काम चेंडू दिसेल तिकडे भिरकावून देणे एवढेच असते, असा समज त्यामागे आहे. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मधल्या बचावपटूचे, म्हणजे सेंटर बॅकचे, खरे काम चेंडू त्याच्यापर्यंत येण्याच्या आधीच सुरू झालेले असते. समोरचा आघाडीवीर कुठे धावेल, आपल्या शेजारचा बचावपटू किती अंतरावर आहे, मधल्या फळीतला आपला गडी परत आला आहे की नाही, हे तो सतत पाहत राहतो आणि त्यानुसार दोन पावले पुढे किंवा मागे सरतो. घसरत जाऊन चेंडू काढणारा बचावपटू प्रेक्षकांना आवडतो, पण तशी वेळ आली याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की चार सेकंदांपूर्वी कोणीतरी चुकीच्या जागी उभे होते.

या जागांचे महत्त्व ऑफसाइडच्या नियमामुळे वाढते. सहकारी चेंडू पुढे देतो त्या क्षणी आक्रमक खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असेल, आणि चेंडूच्याही पुढे व प्रतिस्पर्ध्याच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागी असतो आणि त्या जागेचा फायदा त्याला घेता येत नाही. शेवटचा खेळाडू सहसा गोलरक्षक असतो. म्हणून व्यवहारात सर्वांत मागचा बचावपटू जिथे उभा असेल, तिथपर्यंतच आक्रमकाला जाता येते. बचावपटू एका रेषेत पुढे सरले की आक्रमकालाही मुकाट्याने त्यांच्याबरोबर मागे यावे लागते. मात्र ही रेषा चौघांनी मिळून राखायची असते. रापण ओढताना एका दोरावरची माणसे दुसऱ्या दोरावरच्यांच्या चालीने सरली नाहीत, तर जाळे तिरके होते आणि मासळी ढिल्या बाजूने निघून जाते. बचावफळीतला एक जण अर्ध्या पावलाने मागे राहिला की चेंडू नेमका त्याच्याच बाजूने आत येतो. म्हणूनच चांगला सेंटर बॅक सामनाभर बोलत असतो, कारण संपूर्ण मैदान समोर दिसणारे गोलरक्षक आणि तो असे दोनच प्रकारचे खेळाडू संघात असतात. प्रशिक्षकपदाची तयारी, न कळत, तिथेच सुरू होते.

साउथगेट यांचा जन्म ३ सप्टेंबर १९७० रोजी वॉटफर्ड येथे झाला. दक्षिण लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबमध्ये ते घडले, पुढे तिथले कर्णधार झाले आणि १९९३-९४ च्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली पॅलेसने दुसऱ्या दर्जाची लीग जिंकून प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, पुन्हा प्रवेश मिळवला. तिथे ते बऱ्याचदा मधल्या फळीत खेळत. १९९५ मध्ये ॲस्टन व्हिलाने त्यांना घेतले आणि प्रशिक्षक ब्रायन लिटल यांनी त्यांना मागे, तीन सेंटर बॅकच्या फळीत बसवले. सोबतीला पॉल मॅकग्रा आणि उगो एहिओगू होते. मधल्या फळीतून मागे आलेल्या खेळाडूला चेंडू पायाशी घेऊन पुढे देण्याची सवय असते आणि तिघांच्या फळीत त्या सवयीचा उपयोग होतो, कारण एक जण चेंडू घेऊन पुढे गेला तरी मागे दोघे उरतात. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे. त्याच हंगामात व्हिलाने लीग कप जिंकला आणि डिसेंबर १९९५ मध्ये साउथगेट इंग्लंडकडून पहिला सामना खेळले. इंग्लंडसाठी ते एकूण ५७ सामने खेळले. २००१ मध्ये ते मिडल्सब्रोला गेले, २००४ मध्ये कर्णधार म्हणून त्या क्लबला लीग कप जिंकून दिला, जो त्या क्लबचा पहिला मोठा चषक होता, आणि २००६ च्या यूएफा कप या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या सेव्हियाकडून झालेला ०-४ असा पराभव हा त्यांचा खेळाडू म्हणून शेवटचा सामना ठरला.

एवढी कारकीर्द असूनही दोन दशके लोकांनी त्यांना ओळखले ते एका फटक्यामुळे. २६ जून १९९६ रोजी वेम्बलीवर युरोच्या उपांत्य फेरीत इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात १-१ अशी बरोबरी झाली. पेनल्टी शूटआऊटमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठी आळीपाळीने मारायच्या पेनल्टींमध्ये, दोन्ही संघांचे पाचही खेळाडू यशस्वी ठरले आणि सहावी पेनल्टी मारायला साउथगेट पुढे आले. फटका कमजोर होता. आंद्रेआस क्योपके यांनी तो सहज अडवला, जर्मनीने पुढचा गोल केला आणि यजमान संघ बाहेर पडला. त्यानंतर काही महिन्यांनी ते एका पिझ्झा कंपनीच्या जाहिरातीत डोक्यावर कागदी पिशवी घालून झळकले, आणि तीही लोकांनी लक्षात ठेवली. व्यावसायिक सामन्यात त्याआधी त्यांनी एकच पेनल्टी मारली होती आणि ती गोलखांबाला लागली होती. अशा माणसाला सहावी पेनल्टी घ्यावी लागते, यात त्याच्या धैर्याइतकाच संघाच्या तयारीचा अभावही दिसतो, आणि माझ्या मते प्रशिक्षक साउथगेट यांनी त्या रात्रीतून हाच दुसरा भाग उचलला.

खेळाडू निवृत्त होताच त्याच क्लबचा मुख्य प्रशिक्षक होण्याची वेळ फार थोड्यांवर येते. २००६ मध्ये मिडल्सब्रोचे प्रशिक्षक स्टीव्ह मॅक्लॅरन इंग्लंडच्या संघाकडे गेले आणि मिडल्सब्रोने ३५ वर्षांच्या साउथगेट यांना, त्या दर्जाच्या लीगसाठी लागणारा प्रशिक्षणाचा परवाना हाती नसतानाही, विशेष परवानगीने ते पद दिले. काल ज्यांच्याशेजारी कपडे बदलले, त्यांना आज संघाबाहेर बसवायचे. संघाने पहिल्या दोन हंगामांत १२ वे आणि १३ वे स्थान मिळवले, मे २००८ मध्ये मँचेस्टर सिटीला ८-१ असे हरवले, पण २००९ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये संघ अव्वल स्थानापासून केवळ एका गुणाने मागे असताना, त्यांना काढून टाकण्यात आले. खेळाडू म्हणून चूक दिसली की बचावपटू स्वतः धावत जाऊन जागा भरतो. रेषेबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला ते करता येत नाही, त्याला आधीच्या आठवड्यातच ती जागा भरून ठेवावी लागते. हा फरक शिकायला साउथगेट यांना वेळ लागला आणि त्याची किंमत मिडल्सब्रोने मोजली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

पुढची संधी २०१३ मध्ये इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाच्या रूपाने आली. क्लबचा प्रशिक्षक रोज सराव घेतो; राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला वर्षातून काही आठवडेच खेळाडू मिळतात. त्यामुळे त्याला गुंतागुंतीच्या चाली शिकवता येत नाहीत, कमी वेळात पक्क्या होतील अशाच गोष्टी निवडाव्या लागतात. सप्टेंबर २०१६ मध्ये सॅम ॲलर्डाइस यांना अवघ्या एका सामन्यानंतर मुख्य संघाचे पद सोडावे लागले. साउथगेट यांना आधी हंगामी म्हणून बोलावण्यात आले आणि नोव्हेंबरअखेर ते कायम झाले.

कमी वेळात पक्के होईल असे काय, याचे त्यांनी २०१८ च्या रशियातील विश्वचषकात दिलेले उत्तर मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत देखणे काम वाटते. मागे त्यांनी तीन सेंटर बॅक ठेवले, अगदी व्हिलात स्वतः खेळले होते तसे. जॉन स्टोन्स चेंडू पायाशी घेऊन खेळणारा, हॅरी मग्वायर डोक्याने चेंडू जिंकणारा आणि तिसरा काइल वॉकर, जो मुळात उजव्या कडेचा बचावपटू, पण त्याचा वेग मागे पडलेल्या मोकळ्या जागेवर विमा म्हणून वापरला गेला. गोलमध्ये जो हार्टसारख्या अनुभवी खेळाडूला वगळून जॉर्डन पिकफर्डला घेतले, कारण त्याचे पाय चांगले होते आणि मागून चेंडू खेळवायचा तर गोलरक्षकही त्या खेळात हवा.

दुसरे उत्तर होते थांबलेल्या चेंडूचे, म्हणजे कॉर्नर, फ्री किक आणि पेनल्टीचे. कॉर्नरच्या वेळी बचावपटूचा त्रास काय असतो हे बचावपटूलाच नीट ठाऊक असते. त्याला एकाच वेळी चेंडू आणि आपला माणूस अशा दोन दिशांना पाहायचे असते, आणि मध्येच कोणी आडवे आले की त्याचा माणूस सुटतो. इंग्लंडचे चार-पाच खेळाडू पेनल्टीच्या ठिपक्याजवळ एकामागे एक अशी रांग लावून उभे राहत आणि किक घेतली जाताच वेगवेगळ्या दिशांना फुटत. कोणाच्या मागे जायचे हे ठरवण्यातच समोरच्यांचा क्षण निघून जाई. सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करण्याची ही रीत बास्केटबॉलमध्ये नेहमीची आहे आणि साउथगेट यांनी त्या खेळाचाही मुद्दाम अभ्यास केला होता. त्या स्पर्धेत इंग्लंडने केलेल्या १२ गोलांपैकी ९ गोल अशा थांबलेल्या चेंडूंवर, पेनल्टी धरून, झाले. पेनल्टी शूटआऊटचीही तयारी झाली होती. कोण मारणार हे ठरलेले होते, घाईने फटका न मारण्याचा सराव होता, आणि पिकफर्ड स्वतः चेंडू उचलून आपल्या सहकाऱ्याच्या हाती देत होता. कोलंबियाविरुद्ध इंग्लंडने विश्वचषकातला आपला पहिला शूटआऊट विजय मिळवला. उपांत्य फेरीत क्रोएशियाविरुद्ध किरन ट्रिपियरने पाचव्या मिनिटाला फ्री किकवर गोल केला, तोही अर्थात थांबलेल्या चेंडूवर. पुढे ६८ व्या मिनिटाला इव्हान पेरिसिच आणि जादा वेळेत मारिओ मांडझुकिच यांनी गोल केले आणि सामना संपला.

२०२१ मध्ये, म्हणजे करोनामुळे वर्षभर लांबलेल्या ‘युरो २०२०’मध्ये, बचाव आणखी घट्ट झाला होता. पहिल्या पाच सामन्यांत इंग्लंडवर एकही गोल झाला नाही आणि सातही सामने मिळून केवळ दोन झाले. गटातले तीन सामने त्यांनी दोनच गोल करून पार केले, यावर पुष्कळ टीका झाली. पण जर्मनीसमोर तीन सेंटर बॅकची रचना परत आणून त्यांनी २-० असा विजय मिळवला, तेव्हा टीकाकार काही काळ गप्प बसले. अंतिम सामना ११ जुलै २०२१ चा, आपल्याकडे रात्री साडेबारा वाजता सुरू झालेला. ल्यूक शॉने दुसऱ्या मिनिटाला गोल केला. त्यानंतर इंग्लंड हळूहळू मागे सरकत गेले, चेंडूचा जवळजवळ दोन तृतीयांश ताबा इटलीकडे गेला आणि ६७ व्या मिनिटाला लिओनार्दो बोनुचीने कॉर्नरनंतरच्या गोंधळात बरोबरी साधली.

आता हे मागे सरकणे नेमके काय असते, ते पाहू. आघाडी घेतलेल्या संघाच्या बचावपटूंना आपल्या पाठीमागची मोकळी जागा सलू लागते, कारण तिथे एक चेंडू पडला तर मिळवलेले सारे जाईल. ते चार पावले मागे येतात. त्यांच्या आणि मधल्या फळीच्या दरम्यान पोकळी पडू नये म्हणून मधली फळीही मागे येते. आता चेंडू जिंकला तरी तो स्वतःच्या गोलजवळ जिंकलेला असतो, पुढे आघाडीवीर हॅरी केन एकटा असतो आणि त्याच्याकडे मारलेला लांब चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जाऊन पुन्हा परत येतो. धावण्याचे काम चेंडू नसलेल्याच संघाला अधिक पडते, त्यामुळे तो आधी थकतो. समोर क्रोएशियाचा लुका मॉड्रिच किंवा इटलीचे जॉर्जिन्यो आणि मार्को व्हेराटी यांच्यासारखे चेंडू न गमावणारे खेळाडू असले, तर हा दाब तासभर टिकतो. बचाव फुटतो तो एखाद्या बचावपटूच्या नालायकीने नव्हे. एवढ्या वेळात एखादा क्रॉस किंवा एखादा कॉर्नर साधला जाणारच असतो.

यावरचा उपाय पुस्तकी भाषेत सोपा आहे. रेषा वर ठेवायची, चेंडू आपल्या पायाशी विसावू द्यायचा आणि दमलेल्या खेळाडूच्या जागी वेळेवर ताजा खेळाडू आणायचा. पण रेषा वर ठेवणे म्हणजे पाठीमागची जागा उघडी टाकणे, आणि जन्मभर ती जागा झाकण्यातच ज्याची बुद्धी खर्ची पडली, त्याला हा जुगार सर्वांत जड जातो. साउथगेट खेळाडूंना ‘मागे सरका’ असे सांगत होते, असे मला म्हणायचे नाही. खेळाडूही भीतीने आपोआप मागे येतात. पण त्यांना पुढे ढकलण्यासाठी करायचा बदल साउथगेट यांच्याकडून उशिरा होई, हे दोन्ही सामन्यांत दिसले.

त्या अंतिम सामन्याच्या शूटआऊटमध्ये तयारी करूनही उलटे पडले. मार्कस रॅशफर्ड आणि जेडन सांचो यांना केवळ पेनल्टीसाठी १२० व्या मिनिटाच्या सुमारास मैदानात आणले गेले; पहिल्याचा फटका खांबाला लागला, दुसऱ्याचा इटलीचा गोलरक्षक दोन्नारुम्मा याने अडवला आणि १९ वर्षांच्या बुकायो साकाचा शेवटचाही अडवला गेला. नंतर तिघांवरही वंशद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. पेनल्टी कोणी मारायच्या हे आपणच ठरवले, असे सांगून साउथगेट यांनी जबाबदारी स्वतःकडे घेतली. पेनल्टी हुकल्याचे खापर १९९६ मध्ये ज्या एकट्यावर फुटले होते, त्याच्या तोंडी ते वाक्य पोकळ वाटले नाही.

कतारमधला २०२२ चा विश्वचषक उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून १-२ अशा पराभवाने संपला. तो सामना, खरे तर, इंग्लंड बरेच खुलेपणाने खेळले होते. २०२४ च्या जर्मनीतल्या युरोत मात्र जुनीच लक्षणे दिसली. डेन्मार्कविरुद्ध केनने गोल करताच संघ मागे सरकला आणि १-१ अशी बरोबरी झाली. स्लोव्हेनियाशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी साउथगेट यांच्या दिशेने प्लास्टिकचे पेले फेकले. तरीही संघ पुढे जात राहिला. स्लोव्हाकियाविरुद्ध जूड बेलिंगहॅमचा भरपाई वेळेतला उलटा फटका, स्वित्झर्लंडविरुद्ध शूटआऊटमध्ये पाचही पेनल्टी यशस्वी आणि त्यातली एक साकाची, नेदरलँड्सविरुद्ध बदली खेळाडू ओली वॉटकिन्सचा अखेरच्या मिनिटाचा गोल. बर्लिनच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्धही बदली खेळाडू कोल पामर यानेच ७३ व्या मिनिटाला बरोबरी साधली. म्हणजे उशिरा होणाऱ्या बदलांची तक्रार तोवर निम्मी तरी निकाली निघाली होती. ८६ व्या मिनिटाला डावीकडून आलेल्या चेंडूवर मिकेल ओयार्साबालने गोल केला. दोनच दिवसांनी, १६ जुलै २०२४ रोजी, साउथगेट यांनी १०२ सामने आणि ६१ विजयांनंतर राजीनामा दिला. १९६६ नंतर इंग्लंडच्या पुरुष संघाला एकाही मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठता आली नव्हती. त्यांनी सलग दोन युरोंमध्ये ती गाठून दिली.

बचावपटू प्रशिक्षक झाला की तो सावधच असणार, असा नियम यातून काढता येत नाही. फ्रान्झ बेकनबावर यांनी १९७४ मध्ये कर्णधार म्हणून आणि १९९० मध्ये प्रशिक्षक म्हणून पश्चिम जर्मनीला विश्वचषक जिंकून दिला. ते सर्वांत मागे उभे राहत, पण चेंडू घेऊन थेट प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात शिरत. आपल्या शेजारच्या गोव्याचा महेश गवळी भारताच्या बचावफळीत अनेक वर्षे खेळला आणि पुढे राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षकवर्गात आला. कोकणातल्या एखाद्या शाळेच्या संघात बॅकला उभ्या राहणाऱ्या मुलाला हे नाव बर्लिन किंवा वेम्बलीपेक्षा जवळचे वाटेल.

साउथगेट यांच्या जागी, मधल्या हंगामी काळानंतर, जानेवारी २०२५ पासून आलेले जर्मन प्रशिक्षक थॉमस टुखेल हेही मूळचे बचावपटूच. त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द मात्र गुडघ्याच्या दुखापतीने पंचविशीच्या सुमारासच संपली आणि जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये ते कधी खेळले नाहीत. साउथगेट यांच्यापेक्षा अधिक धाडसी खेळ हवा म्हणून अनेक इंग्लिश प्रेक्षकांनी त्यांचे स्वागत केले. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्यांच्या इंग्लंडने आठपैकी आठ सामने जिंकले, २२ गोल केले आणि त्या आठ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही.